यादी

मराठी घरात लग्न ठरते ते यादीने. साखरपुड्याच्या सुमारास दोन्हीकडची वडीलधारी मंडळी एकत्र बसतात. कोणी काय करायचे, जेवणावळ कोणाकडे, मानपान किती, हे कागदावर उतरते आणि त्या कागदालाच यादी म्हणतात. ग्रामीण महाराष्ट्रात कधी कधी त्याच बैठकीत अक्षता पडतात. अशा लग्नाला ‘यादी पे शादी’ असे अर्धे थट्टेचे, अर्धे आदराचे नाव आहे. पुढे दुसरी यादी होते, ती निमंत्रितांची. खर्च कोणी करायचा हे पहिली यादी सांगते. तो किती व्हायचा हे मात्र दुसरीच ठरवते. लग्नाचे अंदाजपत्रक कोसळते ते बहुधा या दुसऱ्या यादीत.

दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गाला मराठी माणसाच्या लेखी थोडे निराळे महत्त्व आहे. कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे महाराष्ट्र सदन 2013 साली उघडले. त्याआधी राजधानीत ‘सदन’ म्हणजे याच रस्त्यावरची वास्तू. या परिसरातल्या एका सरकारी कचेरीत, लेखा शाखेत, तीस वर्षे काढलेल्या आणि निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाचा हिशेब मांडला, तोही कचेरीच्या शिस्तीने: शीर्ष, उपशीर्ष आणि समोर रक्कम. मुलीच्या लग्नासाठी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढण्याची नियमांत सोय आहे. तिचा आधार घेऊन, थोडी ठेव मोडून त्यांनी सात लाखांची मर्यादा आखली. कर्ज काढायचे नाही, हे पहिले कलम. आपापल्या पाहुण्यांचा खर्च आपापल्या घराने करायचा, हे यादीच्या बैठकीतच ठरले होते.

निमंत्रितांची संख्या झाली साडेतीनशे. आचाऱ्याने पानामागे नऊशे रुपये सांगितले. म्हणजे जेवणाचेच 3,15,000. सभागृह आणि मांडव एक लाख, सोने दोन लाख, बस्ता ऐंशी हजार, मानपान पन्नास हजार, पत्रिका आणि छायाचित्रे पंचेचाळीस हजार, गावाकडच्या मंडळींचा प्रवास आणि उतरण्याची सोय साठ हजार. बेरीज 8,50,000. दीड लाखाची तूट. शिवाय ‘आकस्मिक खर्च’ या शीर्षाखाली एक पैसाही नव्हता, आणि ही उणीव लेखा शाखेतल्या माणसाला तुटीहून अधिक सलणारी होती.

मग सुरू झाले पुनर्विनियोजन. सोन्याला हात लावता येईना. 2025 मध्ये तोळ्याचा भाव लाखापुढे गेल्यापासून दोन लाखांत मंगळसूत्र आणि एखादा लहानसा दागिना एवढेच बसत होते. पाने कमी करावीत तर लोक काय म्हणतील? पहिली काट बसली ती गावाकडच्या प्रवासावर. त्यात सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहणारी, त्यांना लहानपणी सांभाळणारी विधवा आत्या होती. तिला पत्रिका पाठवली की ती तिकडूनच अक्षता टाकील, कुरकुर करणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

काटकसरीचा हा स्वभाव जुना आहे. जो बोलणार नाही, त्याच्या पानावरून ती सुरू होते.

लग्नखर्चाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगापुढे, कुणबी लग्नात उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे मतही आले होते. आयोगाने ते सरसकट मान्य केले नाही. असे प्रसंग क्वचित येतात आणि कर्जाचे मूळ सहसा तेथे नसते, असा त्याचा सूर होता. त्याच्या दोन वर्षे आधी, 25 डिसेंबर 1873 रोजी, पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह झाला. वर सीताराम जबाजी आल्हाट, वधू राधा. सावित्रीबाई फुले यांनी त्यात पुढाकार घेतला. पुरोहित नाही, हुंडा नाही, खर्च अगदी जुजबी. वधूवरांनी एकमेकांना द्यायची वचने मात्र होती. तिथे केवळ रक्कम घटली नव्हती. काय राखायचे आणि काय सोडायचे, हे आधी ठरले होते. कायदाही याच अंगाने जातो. 1954 च्या विशेष विवाह कायद्याला तीन साक्षीदार पुरतात. चौथ्यापासून पुढचे सगळे आपल्या हौसेचे, ऋणाचे किंवा भीतीचे असतात.

या घरात हा निवाडा पत्नीने केला. हिशेबाचा कागद वाचून त्या म्हणाल्या, “अहो, आपण आलो नाही तर कोणाला वाईट वाटेल, याची ही यादी आहे. कोण आले नाही तर आपल्याला वाईट वाटेल, त्यांची कुठे आहे?”

“अगं, पण मी त्यांच्याकडे जेवलोय. आहेराच्या वहीत सगळं आहे,” ते म्हणाले.

“मग आहेर परत करा. त्यासाठी पंगत कशाला?”

ज्याच्या नावाचा हा रस्ता, त्या कोपर्निकसने 1543 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पृथ्वीला विश्वाच्या केंद्रातून हलवले. या घरात केंद्रातून हलले ते लोकांचे म्हणणे. नव्या यादीत आपल्या बाजूची एकशे साठ नावे उरली. जेवणाचे 1,44,000, लहान सभागृह साठ हजार, सोने दोन लाख, बस्ता पन्नास हजार, पत्रिका आणि छायाचित्रे सव्वीस हजार. प्रवासाचे साठ हजार जसेच्या तसे परत आले. आकस्मिक साठ हजार. आणि एक लाख मुलीच्या नावावर, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संसाराला लागतील म्हणून.

राहिले मानपान. ते दोन्हीकडून रद्द व्हावे, हे सुचवायला वधूपित्याने व्याह्यांकडे जाणे सोपे नसते. शब्द टाकताना त्यांचा आवाज खाली गेला. पण व्याह्यांनी तत्काळ होकार दिला, तेव्हा त्या होकारात सुटकेचा निःश्वास स्पष्ट ऐकू आला. दोन्ही घरे इतके दिवस परस्परांच्या अपेक्षेला भिऊन तीच रक्कम बाजूला काढत होती. आणि ती अपेक्षा कोणाचीच नव्हती.

वगळलेल्या एकशे नव्वद नावांचे काय, हा प्रश्न मात्र कागदावर सुटला नाही. कचेरीत पेढे वाटायचे ठरले. आहेराची वही पुढ्यात घेऊन ज्यांचे देणे होते त्यांच्या घरी जायचे ठरले. काहींच्या घरी जाणे झाले, काहींच्या राहिले. तीस वर्षे शेजारच्या मेजावर बसलेल्या एका सहकाऱ्याने पेढा घेतला आणि बोलणे थांबवले. त्या अबोल्याला कोणत्या शीर्षाखाली टाकावे, हे लेखा शाखेतल्या त्या गृहस्थांना सापडले नाही. त्यांनी वहीत त्याच्या नावापुढची जागा मोकळीच ठेवली.