नांदायला पाठवण्याआधी

प्रिय दादा,


तुझ्या लेकीच्या मनगटाला प्लास्टर आहे, जावई दसऱ्याला तिला न्यायला येणार आहेत आणि त्याआधी तू चार वडीलधाऱ्यांची बैठक बोलावली आहेस, हे वहिनीकडून कळलं. ‘पोलिसांत गेलो की संसार मोडला’ असं तू म्हणालास म्हणे. इतकी वर्षं तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना बापांच्या तोंडून हे वाक्य मी सतत ऐकत आले आहे, म्हणूनच फोन न करता सविस्तर लिहिते आहे.

तुझ्या डोक्यात आहे तो ‘चारशे अठ्ठ्याण्णव अ’, 1983चा. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 मध्ये आहे. तो फौजदारी गुन्हा, त्यात नवऱ्याला शिक्षा होते. मी सांगते आहे तो कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा वेगळा. 2005 साली झाला, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्यात बाई कोर्टाला एवढंच मागते की याचा हात थांबवा, मला घराबाहेर काढू देऊ नका, खर्चाला पैसे द्यायला लावा. घटस्फोट मागावा लागत नाही. त्याच घरात राहूनही संरक्षणाचा आदेश मिळतो. आणि तो आदेश नवऱ्याने मोडला, तर मात्र गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून तू गप्प बसला असशील तर तेही मनातून काढ. 2020 मध्ये सतीश आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सून जिथे नांदत होती ते घर सासऱ्यांच्या मालकीचं असलं, तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते. आणि अर्जासाठी तिच्या सासरच्या शहरात खेटे घालायला नकोत. ती आत्ता तुझ्याकडे राहते, तेव्हा तुमच्या तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढेच अर्ज चालतो.

या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून घेतात, तो नमुना एकदा वाच. मारहाण, चावे, ढकलणं हे त्यात आहेच. पण मुलगा झाला नाही म्हणून टोमणे, हुंडा आणला नाही म्हणून अपमान, नोकरीला जाऊ न देणं, पगार काढून घेणं, न विचारता स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं, हेही एकेका ओळीत छापलेलं आहे. लेकीचं पगाराचं एटीएम कार्ड लग्नापासून सासूबाईंच्या कपाटात आहे, हे तुला ठाऊक होतं. तू त्याला त्यांच्या घरची रीत म्हणालास. कायदा त्याला आर्थिक हिंसाचार म्हणतो.

कोर्टात सगळं झटपट होतं असं मी सांगणार नाही. पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा असं कायद्यात लिहिलंय. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम आदेश मागायचा असतो. मारहाणीचा धोका दिसला, तर नवऱ्याची वाट न पाहता एकतर्फी आदेशही देता येतो. वकिलाच्या फीची चिंता नको: विधी सेवा प्राधिकरण बाईला मोफत वकील देतं, तिचं उत्पन्न विचारत नाही. महाराष्ट्रात पोलिसांच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष चालतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी 1984 मध्ये पहिला सुरू केला. तिथे गणवेशातले लोक नसतात, प्रशिक्षित समाजसेविका असतात. रात्रीबेरात्री काही झालं तर 181 वर किंवा 112 वर फोन.

दादा, तुझ्या बैठकीत काय होईल ते मी आत्ताच सांगते. जावई मान खाली घालतील, त्यांचे वडील हात जोडतील, चहा होईल. लेकीला कुणी विचारणार नाही. आणि त्या बैठकीचा कुठेही कागद नसेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मार खाल्लेल्या किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या शंभर बायकांपैकी मदत मागणाऱ्या चौदाच निघाल्या. बाकीच्यांतल्या कितीजणींची अशाच बैठकांतून पाठवणी झाली असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

म्हणून बैठक रद्द कर. तिच्या केसपेपरवर ‘मोरीत घसरून पडली’ असं लिहिलंय ना? तिची तयारी असेल तर वहिनीने तिला परत दवाखान्यात न्यावं आणि तिने डॉक्टरांना खरं सांगावं. दवाखान्यातूनही हिंसाचाराचा अहवाल भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवता येतो. तोवर मी येतेच. पुढे परत जायचं, वेगळं राहायचं की आणखी काही, हे ती ठरवेल. तू किंवा मी नाही.

तिचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, लग्नाचे फोटो आणि दागिन्यांच्या पावत्या तेवढ्या आजच शोधून एका पिशवीत ठेव.

तुझी धाकटी बहीण