हो म्हणायचं ठरलं

उद्या सर्जनबाईंना स्तन उचलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल उत्तर द्यायचंय. जाऊबाई म्हणाल्या, "पन्नाशीत कशाला हे नसते उद्योग?" पण शिंपीणबाईंनी ब्लाउजचे टक्स पुन्हा आत घेतले, तेव्हा जिवाला लागलं ते माझ्या. मुलं झाल्यावर ओघळलेल्या छातीची मला लाज नाही. तरी ती जरा उचललेली हवी, ही इच्छाही तितकीच खरी.

इम्प्लांट नको. ते जन्मभर पुरत नाही, पुढे बदलावं लागू शकतं. खरबरीत कवचाची काही इम्प्लांट्स तर एका दुर्मीळ लिम्फोमाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये जगभरातून परत मागवली गेली. नुसत्या ब्रेस्ट लिफ्टमध्ये जादा त्वचा काढून स्तनाग्र वर बसवतात. व्रण कायमचे राहतात, संवेदना कमी होऊ शकते. ते मला चालेल. आधी मॅमोग्राफी, मग तारीख. यांनाही स्पष्ट सांगितलंय: हे मला हवंय.