लातूरची प्रत

मुळशीत जून ते सप्टेंबर कागद कधी कोरडा नसतो. प्रिंटरमधून पानं गोळा होऊनच बाहेर पडतात, वहीच्या पुठ्ठ्यावर पांढरी बुरशी धरते, आणि ताम्हिणीकडे गडगडायला लागलं की लाइट कधी जाईल याचा नेम नाही. लाइट जाण्याचं फारसं काही वाटत नाही. परत येताना ती जो झटका देते त्याची धास्ती असते. इथल्या धरणाच्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होते, ती मुंबई उजळते आणि आम्ही चार्जरची पिन काढून बसतो. अशा ठिकाणी कादंबरी लिहायची, तर प्रती राखणं हा लेखनाचाच भाग होतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. माझी एक प्रत लॅपटॉपमध्ये असते. दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात राहते. ‘ड्राइव्हवर टाकलंय की’ म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात. पण जोडलेलं फोल्डर आरशासारखं असतं, इथे प्रकरण खोडलं की तिथेही खोडलं जातं. म्हणून प्रत्येक प्रकरणाची फाइल तारखेच्या नावाने वेगळी ठेवते, जुनीवर नवी चढवत नाही.

तिसरी प्रत लातूरला, ताईकडे. 2016 साली जिथे रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं, ते गाव आणि मुळशी एकाच दिवशी बुडणार नाहीत, एवढा हिशेब.

या कामातला माझा गुरू मात्र तेराव्या शतकातला आहे. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींना पाहिलेल्या माणसांना विचारून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. पुढे खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. ग्रंथ वाचला तो हिराइसेसारख्या अनुयायांना तो मुखोद्गत होता म्हणून. आठवणीतून तो पुन्हा उतरवला गेला. अर्थात ज्याच्या-त्याच्या आठवणीप्रमाणे पाठ वेगळे झाले, आणि अभ्यासक आजही ते ताडून पाहतात. प्रत दुसऱ्याकडे असावी, पण ती शब्दशः असावी, हे दोन्ही धडे तिथे आहेत.

तिसरा धडा अधिक टोचणारा आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. पोथ्या सुरक्षित राहिल्या, पण पंथाबाहेरच्या वाचकाला शतकानुशतकं बंद झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपी उलगडली, तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला त्या वाचता आल्या.

आमच्या पिढीची सकळ लिपी म्हणजे युनिकोडपूर्व काळातले श्रीलिपीचे फाँट. ताईला मी जुन्या कादंबरीची सीडी उघडायला सांगितली, तर तिचा फोन आला, “अगं, यात नुसती इंग्रजी अक्षरं न् काहीबाही चिन्हं दिसतायत. तू हे लिहिलंस?” फाइल शाबूत होती, तिच्या मशीनवर फाँट नव्हता. मग सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणला. कन्व्हर्टरने रफार आणि जोडाक्षरं जिथे-तिथे मोडली होती, ती ओळ-ओळ वाचून दुरुस्त केली.

तेव्हापासून प्रत पाठवली की ताईने ती उघडायची आणि शेवटचं वाक्य मला फोनवर वाचून दाखवायचं, असं ठरलं आहे. तोवर ती प्रत मी हिशेबात धरत नाही. पासवर्डही तिला कागदावर लिहून दिलाय. उद्या माझं काही झालं, तर कुलूपबंद हस्तलिखित कुणाच्या कामाचं? या वाचून दाखवण्याचा एकच तोटा: ताई शेवटच्या वाक्यावर थांबत नाही. सगळं प्रकरण वाचते, आणि नायिकेने असं वागायला नको होतं, हे संपादकाच्या आधी मला तिच्याकडून कळतं.