जास्तीच्या दोन झेरॉक्स

मोबाईलच्या दुकानदाराला दहशतवादावर बोलायला कुणी बोलावत नाही. टीव्हीवर निवृत्त अधिकारी बसतात, सायबर तज्ज्ञ बसतात, आणि दहशतवादी म्हणजे कॉम्प्युटरचा कुणी जादूगार असावा अशा थाटात चर्चा रंगते. मी जालन्यात आधी एसटीडी-पीसीओ चालवला, मग नेट कॅफे, मग सिमकार्ड आणि मोबाईल रिपेअरिंग. या धंद्यात जे पाहिलं आणि जे स्वतःच्या हातानं केलं, त्यावरून सांगतो की त्या जादूगाराला जादूची फारशी गरज पडत नाही. काउंटरच्या पलीकडं माझ्यासारखा एक माणूस भेटला की त्याचं भागतं.

पीसीओच्या दिवसांत तर नाव विचारायची पद्धतच नव्हती. २७ ऑगस्ट २००४, शुक्रवार. जालन्यातल्या कादरिया मशिदीत बॉम्बस्फोट झाला, लोक जखमी झाले, आणि थोड्याच वेळात माझ्या पिवळ्या पाटीखाली रांग लागली. केबिनचं दार नीट बसत नसल्यानं आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं. एकाच्या तोंडी जखमींचा आकडा एक, दुसऱ्याच्या तोंडी दुप्पट, तिसरा थेट मेलेल्यांवर आलेला. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मीटरकडं बघत होतो. त्या दिवशी गल्ला चांगला झाला. ही गोष्ट मी घरी सांगितली नव्हती, इथं सांगतो.

पुढं चार कॉम्प्युटर टाकून नेट कॅफे काढला. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले आणि त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना इंडियन मुजाहिदीनच्या नावानं ई-मेल गेला होता. पोलीस माग काढत पोचले ते नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरात. तिथं राहणाऱ्या परदेशी माणसाचा काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं, एवढंच. नंतरचे मेल माटुंग्याच्या कॉलेजातून आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. मग आमच्याकडं फर्मान आलं: येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, वेळ, ओळखपत्र रजिस्टरमध्ये हवं. २०११ मध्ये तर त्याचे रीतसर नियमच झाले, वर्षभर नोंदी जपून ठेवायच्या.

रजिस्टर मी ठेवलं. पण दिवसभर भरायला वेळ कुठं? रात्री शटर अर्धं खाली ओढून, चहा पीत, एकाच पेनानं, एकाच अक्षरात मी पानं भरायचो. पोरं स्वतः लिहायची तेव्हा आणखी मजा. एकदा पाहिलं तर तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर दुपारी दोन ते तीन सचिन तेंडुलकर बसून गेला होता, मुक्काम पोस्ट भोकरदन. तपासणीला आलेल्या जमादारानं त्याच पानावर सही-शिक्का मारला. आम्ही दोघं हसलो नाही, कारण दोघांनीही ते पान वाचलेलं नव्हतं. मला ते कळलं महिनाभरानं.

हसू गेलं २०१० मध्ये. पुण्याच्या जर्मन बेकरीतल्या स्फोटात सतरा माणसं गेली, आणि त्या गुन्ह्यात पकडला गेला तो हिमायत बेग उदगीरला नेट कॅफे चालवणारा. म्हणजे आमच्याच मराठवाड्यातला, आमच्याच धंद्यातला. २०१३ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं कटाच्या आरोपातून त्याला मोकळं केलं. स्फोटकं आणि बनावट कागदपत्रं बाळगल्याचा दोष मात्र कायम ठेवला. पहिली बातमी पहिल्या पानावर आली, दुसरी आत कुठंतरी. माझ्या डोक्यात मात्र 'बनावट कागदपत्रं' हेच दोन शब्द राहिले, कारण एके काळी माझ्या दुकानाच्या माळ्यावर बिस्किटांचं एक खोकं होतं आणि त्यात काय होतं ते मला माहीत होतं.

खोक्याची गोष्ट समजायला जालना माहीत हवं. आमच्या एमआयडीसीत सळया बनवणाऱ्या रोलिंग मिला आणि भट्ट्या आहेत. तिथं भट्टीसमोर उभं राहणारी माणसं बिहारची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची. पगार झाला की ती दुकानात यायची: घरी फोन करायचाय, सिम द्या. ओळखपत्र गावाकडं, किंवा ठेकेदाराच्या ताब्यात. इथल्या पत्त्याचा पुरावा शून्य. नियमानं त्यांना सिम देता येत नव्हतं आणि डिस्ट्रिब्युटरचा माणूस तर रोज संध्याकाळी विचारायचा, "आज अ‍ॅक्टिव्हेशन किती?" टार्गेट चुकलं की स्कीम गेली, स्कीम गेली की त्या महिन्याचं भाडं खिशातून.

त्यावर बाजारात सगळ्यांनी काढलेला तोडगा मीही उचलला. खेड्यातलं गिऱ्हाईक सिम घ्यायला आलं की म्हणायचं, मतदान कार्डाच्या दोन झेरॉक्स जास्तीच्या आणा, फोटोही दोन जास्तीचे, कंपनीला लागतात. कंपनीला लागत नव्हत्या. त्या खोक्यात जायच्या. मग भट्टीवरचा माणूस आला की खोक्यातला एक संच काढायचा, फॉर्म भरायचा, सही आपणच ठोकायची. माझ्या मनाला त्यात खटकलं नाही, हे खरं सांगतो. उलट वाटायचं, बिचारा आईशी बोलेल. आणि बहुतेक जण खरोखर आईशीच बोलायचे.

दुसरा उद्योग रिपेअरिंगच्या टेबलावरचा. तेव्हा चायना मोबाईलचा सुकाळ होता: मोठा स्पीकर, दोन सिम, टॉर्च, आणि आयएमईआय एकतर नाही किंवा नुसती शून्यं. आयएमईआय म्हणजे हँडसेटचा पंधरा आकडी नंबर. सिम बदललं तरी तो बदलत नाही, आणि फोन टॉवरला लागला की तो नंबरही नोंदला जातो. म्हणून मुंबई हल्ल्यानंतर सरकारनं ठरवलं की असे बिननंबरी हँडसेट ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर ही गर्दी! कायदेशीर नंबर टाकून देण्याची सोयही झालेली होती, पैसे भरून. माझ्याकडं मात्र सॉफ्टवेअर होतं आणि एका चांगल्या जुन्या हँडसेटचा खरा नंबर होता. तोच एक नंबर मी कितीतरी फोनांत घातला. पन्नास रुपयांत फोन जिवंत. लोकांनी दुवा दिल्या.

२६/११ ला दहा जणांनी मुंबईत १६६ माणसं मारली, तेव्हा कराचीतल्या एका खोलीतून त्यांना फोनवर पावलापावलाला सूचना मिळत होत्या. टीव्हीवरचं थेट प्रक्षेपण पाहून तिकडून सांगितलं जात होतं की बाहेर पोलीस कुठं आहेत. त्या खोलीत गेवराईचा झबीउद्दीन अन्सारी होता, असं तपास यंत्रणांनी २०१२ मध्ये त्याला सौदीतून आणल्यावर सांगितलं. शहागडचा गोदावरीचा पूल ओलांडला की गेवराई तालुका लागतो, इतकं ते जवळ. फोन इंटरनेटवरून फिरवलेले होते, अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या एका कंपनीमार्फत. त्यात ऑस्ट्रियाचे नंबर वापरलेले होते. त्या खात्यात भरलेले काही पैसे इटलीत ब्रेशिया गावच्या एका मनी ट्रान्सफरच्या दुकानातून गेले होते, रक्कम अडीचशे डॉलरच्या आत. आणि इटलीच्या पोलिसांनी सांगितलं की ज्याच्या नावावर ते पाठवले तो माणूस इटलीत कधी आलाच नव्हता. इकडं कोलकात्यात खोट्या कागदांवर सिम घेतल्याच्या संशयावरून दोघांना अटक झाली. त्यातला एक कागद मेलेल्या नातेवाइकाचा होता, असं बातमीत होतं.

लोकांनी न्यू जर्सी आणि ऑस्ट्रिया वाचून आ वासला. मी ब्रेशियाच्या दुकानापाशी अडकलो. परक्या माणसाचे कागद त्या दुकानदाराकडं कसे आले असतील, त्यानं ते कुठं ठेवले असतील आणि कोणत्या वेळी काढले असतील, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. तरी मी खोकं फेकलं नाही. म्हटलं, ते मुंबईचं, आपलं जालन्याचं.

२०१० च्या जानेवारीत बदनापूरकडचे एक मामा एका हवालदाराबरोबर दुकानात आले. मोसंबीचे शेतकरी, साठीचे, माझं जुनं गिऱ्हाईक. कुठल्या तरी मोठ्या शहराच्या कंट्रोल रूमला रेल्वेगाडीत बॉम्ब असल्याचा फोन गेला होता. गाडी थांबवून तपासली, काही निघालं नाही. नंबर मामांच्या नावावर निघाला. हवालदारानं फॉर्मची प्रत काउंटरवर पसरली. फोटो मामांचा. मतदान कार्ड मामांचं. शिक्का माझा. सही गुळगुळीत, एका दमात केलेली. मामा तर अक्षर अक्षर जोडून, जीभ दातात धरून सही करायचे.

"हा फॉर्म तुमच्याकडचा ना?" हवालदारानं विचारलं.

त्या क्षणी खरं बोललो असतो तर दुकानाचा सिम विकायचा कोड बंद झाला असता, कदाचित गुन्हाही दाखल झाला असता. मी म्हणालो, "साहेब, गिऱ्हाईक समोर असल्याशिवाय आपण सिम देत नाही. यांनीच नेलं असंल, पोरासाठी वगैरे."

मामा चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते आठवायला लागले. टोपी काढून डोकं खाजवत त्यांनी मलाच विचारलं, "पोरासाठी नेलं का म्या? कवा बरं?" त्यांचा माझ्यावर इतका विश्वास होता की त्यांनी स्वतःच्या आठवणीवर शंका घेतली.

प्रकरण चार दिवसांत मिटलं असतं. फोन करणाऱ्यानं सिम मोडून टाकलं तरी हँडसेटच्या आयएमईआयवरून त्याचं दुसरं सिम सापडतं. पोलिसांचा हा नेहमीचा मार्ग. इथं तो बंद पडला. हवालदार पुढच्या खेपेला वैतागून म्हणाला, "वरून रिपोर्ट आलाय. एकाच आयएमईआयवर एकाच वेळी सतरा गावांत फोन चालू आहेत. काय भानगड आहे काय की." मी टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून ठेवला. भानगड माझ्या हातची होती का, की माझ्यासारख्याच आणखी कुणाची, ते मी विचारू शकत नव्हतो. तोवर मामांच्या ठाण्याच्या चकरा चालू राहिल्या. ते दिवस आंबे बहाराचा ताण तोडून पाणी द्यायचे. त्यांच्या बागेला पाणी उशिरा मिळालं आणि त्या साली मोसंबी जेमतेम लागली.

फोन करणारा नंतर सापडला. दारूच्या नशेत केलेला चाळा, दहशतवादाशी काही देणंघेणं नाही. सिम त्याला प्रवासात कुणीतरी विकलं होतं म्हणे.

खोकं मी त्यानंतर जाळलं. पश्चात्ताप होताच, पण पुरावा नष्ट करायची घाईही होती; दोन्ही एकाच काडीत झालं.

पुढं नियम घट्ट झाले. २०१२ पासून दुकानदारानं 'गिऱ्हाईकाला समोर पाहिलं, मूळ कागद पाहिले' असं सहीनिशी लिहून द्यायचं, पडताळणीशिवाय नंबर सुरू नाही. मग आधारचं यंत्र आलं, अंगठा लावला की काम. मला वाटलं, आता लबाडीला जागाच नाही. आठवडी बाजारात छत्री लावून बसवलेल्या माझ्या पोरानं ती जागा आठवडाभरात शोधली. "मशीननं घेतलं नाही, परत लावा" म्हणत तो दुसरा अंगठा घ्यायचा आणि त्यावर दुसरं सिम उठवायचा. हिशेबात मला ते दिसलं. मी महिना संपेपर्यंत गप्प राहिलो, टार्गेट भरत होतं म्हणून. पहिल्या वेळी निदान अज्ञानाचा आव तरी आणता येत होता.

आता खोट्या ओळखीनं सिम घेणाऱ्याला नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड आहे, आणि आम्हा विक्रेत्यांचीही नोंदणी सक्तीची झाली. मला ते बरोबर वाटतं. पण भट्टीवर नव्यानं आलेल्या, कागद गावी राहिलेल्या पोरानं घरी फोन कसा करायचा, याचं उत्तर अजून फारसं कुणी दिलेलं नाही, आणि जोवर ते नाही तोवर कुठंतरी एक खोकं असणार.

गेल्या वर्षी मामा दुकानात आले. थकलेत. नातवानं सांगितलं होतं की आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या 'संचार साथी'वर दिसतं. ते बघून दे म्हणाले. तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं, झेरॉक्सचं, सहीचं, हवालदारासमोरच्या वाक्याचं. ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. "मंग तवाच काहून नाई बोलला?"

"कोड गेला असता, मामा."

"माही बाग गेली ना."

त्यावर माझ्याकडं बोलण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या फोनवर ओटीपी आला. त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. सवयीनं मी म्हणालो, "ओटीपी कुणाला दाखवायचा नसतो." "आता काय राह्यलं दाखवायचं," म्हणत त्यांनी तो मोठ्यानं वाचला.

यादीत तीन नंबर निघाले. एक त्यांचा, एक सुनेचा. तिसरा त्यांना माहीत नव्हता. 'माझा नंबर नाही' हा पर्याय निवडून मी तक्रार टाकून दिली. तो माझ्या दुकानातून गेलेला होता का, असं त्यांनी विचारलं. नंबराचे मधले आकडे झाकलेले असतात. आणि खोक्यातल्या कागदांवर कोणते नंबर उठवले, ते मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं.