दीड इंचाची हौस

हाती आलेली वस्तू आहे तशी वापरावी, हे माणसाच्या स्वभावातच नाही. शिंप्याकडून आलेल्या कोटाची बाही आपण पुन्हा अर्धा इंच आखूड करून घेतो, नव्या पलंगाचे पाय कापतो, दारातल्या पायरीला उगीचच आणखी एक टप्पा जोडतो. त्यात गरज किती आणि हौस किती, याचा हिशेब कोणी मागितला तर आपली पंचाईतच होईल. म्हणूनच माझ्या पुतण्याने आपली मोटार दीड इंच खाली उतरवून घेतली, तेव्हा आमच्या घरात जे वादळ उठले ते मला प्रथम थोडे अवाजवी वाटले.

मोटार खाली उतरवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी पंचवीस वर्षांचा मुलगा नाही त्यांना सांगितले पाहिजे. गाडीचा सारा डोलारा ज्या स्प्रिंगांवर तोललेला असतो, त्या काढून त्यांच्या जागी आखूड स्प्रिंगा बसवायच्या. मग गाडीचे पोट रस्त्याच्या जवळ येते, चाके मडगार्डाच्या कमानीत दडतात, आणि दबा धरून बसलेल्या जनावराचा डौल तिला येतो. गुरुत्वमध्य खाली आल्यामुळे वळणावर गाडी कमी कलते, असे जाणकार सांगतात, व ते खरेही आहे. पण पुतण्याने गुरुत्वमध्यासाठी एवढी खटपट केली असेल, यावर माझा विश्वास नाही. गाडी छान दिसते, म्हणून केली. आणि त्यात वावगे ते काय? वाहनाचा डौल ही आम्हा कोल्हापूरकरांची जुनीच आवड आहे. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक बाहेर निघाली की सोने लुटायला आलेली माणसे सोने विसरून तिच्याकडे पाहत राहतात. त्या गर्दीत माझे थोरले बंधूही मी पाहिले आहेत!

परंतु दादांचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नाही. आम्ही राहतो मलकापुरास. विशाळगडच्या प्रतिनिधींच्या जहागिरीचे हे जुने ठाणे, सह्याद्रीच्या कुशीत, आंबा घाटाच्या अलीकडे. येथला पाऊस चार महिने रस्त्याची परीक्षा घेतो, आणि रस्ता बारा महिने गाडीची. त्यात दादांची सारी हयात मुलकी खात्यात गेलेली. कलमावाचून त्यांचे बोलणे पुरे होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम त्यांनी मुलाला उभे करून ऐकवले. नोंदणीपत्रातला तपशील कारखानदाराने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा फेरफार मालकाने करू नये, असे ते कलम आहे. आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले आहे. दीड इंच त्यात बसतो की नाही, यावर बापलेकांचा तासभर वाद झाला. वाद संपला आणि बोलणेही संपले.

येथवर सारे हसण्यावारी नेता आले असते. पण दादांना काचबिंदू आहे. डोळ्यांतला दाब तपासून घेण्यासाठी दर महिन्याच्या एका बुधवारी त्यांना कोल्हापुरास जावे लागते. आजवर मुलगा त्यांना आपल्या गाडीतून नेई. आता दारात गाडी उभी असताना दादा छत्री घेऊन एस. टी. च्या थांब्यावर जाऊ लागले. एकदा भर पावसात रात्री आठला परतले, आणि अंधुक उजेडात पायरी चुकता चुकता राहिली. वहिनी काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री त्या जेवल्याही नाहीत.

तीन महिन्यांनी पुतण्या माझ्याकडे आला. "काका, पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूनं पार गेलेत," तो म्हणाला. बाहेरून पाहावे तर टायर जवळजवळ नवे. पण खाली वाकून पाहिले तर आतली कड सहाणेवर घासावी तशी गुळगुळीत झालेली. ज्या ओल्या घाटात रबराच्या खाचांचाच काय तो भरवसा, तेथे हा मुलगा अशा चाकांवर हिंडत होता. शहरातल्या एका दुकानाने स्प्रिंगा बसवल्या होत्या, अलाइनमेंट केल्याचा छापील कागदही हाती दिला होता. तेवढ्यावर याचे समाधान झाले होते.

मला यंत्राचे ज्ञान बेताचेच. पण शिवाजी उद्यमनगरात एक वृद्ध मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे आम्ही दोघे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "स्प्रिंगा कापल्यास, का इकत घेतल्यास?" विकत घेतल्याचे कळताच त्यांचा चेहरा जरा निवळला. कापलेली स्प्रिंग आपल्या बैठकीत नीट बसत नाही आणि एखाद्या खड्ड्यात जागेवरून निसटूही शकते. कापून आणलेली गाडी ते हातीच धरत नाहीत. मग म्हणाले, "गाडी खाली आली, पर सांध्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई."

पुढचा दीड तास त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पुढच्या चाकाला खालून एक आडवा दांडा धरून असतो. त्याचे बाहेरचे टोक कारखान्याने किंचित खाली झुकलेले ठेवलेले असते. गाडी उतरली की तो दांडा आडवा होऊ लागतो आणि चाकाचे बूड बाहेर ढकलतो. वरचे टोक तर गाडीला जखडलेले; म्हणून चाक माथ्याशी आत कलते. हा कॅम्बर. इतकेच झाले असते तर फारसे बिघडले नसते. परंतु चाकाला वळवणारा स्टिअरिंगचा दांडा निराळ्या लांबीचा असतो आणि निराळ्या कमानीत फिरतो. दोघांची चाल जुळेनाशी झाली की चाकांची तोंडे आत तरी वळतात किंवा बाहेर तरी फाकतात. हा टो. आमच्या गाडीची चाके बाहेर फाकली होती, आणि टायरांची खरी वैरीण ही फाकच होती. कॅस्टर म्हणून तिसरा एक कोन असतो. तो फारसा ढळला नव्हता. मागची चाके एकाच तुळईला बांधलेली, त्यांना आमच्या गाडीत हात लावण्याची सोयच नाही.

फाक किती होती? प्रत्येक चाकाला अर्धा अंश. एवढ्याने काय होते, असे मला वाटले. घरी येऊन मी कागदावर गणित मांडले. चाक अर्धा अंश तिरपे चालले तर दर किलोमीटरला ते सुमारे पावणेनऊ मीटर आडवे फरफटते. मलकापूर ते कोल्हापूर हे अंतर ४५ किलोमीटर धरले, तर एका खेपेत जवळजवळ ४०० मीटर! गाडीवानाने बैलांना सरळ हाकावे आणि गाडी मात्र चार शेते आडवी ओढत न्यावी, तशातली ही गोष्ट. जुने सुतार-लोहार हे जाणत. तुंब्यात आरे बसवताना, तापलेली लोखंडी धाव चाकावर चढवून तिच्यावर पाणी ओतताना, चाक सरळ फिरते की झोकांड्या खाते हे ते एक डोळा मिटून पाहत. त्यांच्यापाशी अंश मोजायचे साधन नव्हते. पण तिरपे चाक बैलाच्या मानेवर येते, हे त्यांना ठाऊक होते.

मिस्त्रींनी त्या दिवशी अलाइनमेंट मात्र केली नाही. सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट त्यांनी सैल केले आणि गाडी चाकांवर उभी करून, तिचा भार पडल्यावरच पुन्हा आवळले. गाडी टांगलेली असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते, आणि पहिल्या दुकानाने नेमके तेच केले होते. मग पुढे दोन नवे टायर चढवून त्यांनी आम्हाला परत पाठवले. "आठ दिस चालीव. समदं बसू दे. मग ये." कागद छापून तत्काळ पैसे घेणाऱ्या जगात हे वाक्य ऐकून मला विलक्षण बरे वाटले.

आठवड्याने पुन्हा गेलो. आधी हवा तपासली, नंतर सांध्यांचा ढिलेपणा. मग पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर चढली, चारही चाकांना आरसेवजा पाट्या अडकवल्या, कॅमेऱ्याने त्या टिपल्या आणि पडद्यावर आकडे उमटले. पूर्वी हेच काम दोरी ताणून करीत, असे मिस्त्री म्हणाले. आणि पुतण्या ऐकेना म्हणून त्यांनी दोरी ताणून दाखवलीही. कॅम्बरसाठी त्यांनी एका बाजूस फुगीर असलेला बोल्ट घातला. टो जुळवताना दोन्हीकडचे दांडे सारखेच फिरवले, नाहीतर चाके सरळ आणि स्टिअरिंग वाकडे असा प्रकार होतो. पुतण्या एका वहीत सारे आकडे उतरवून घेत होता. शाळेत गणिताची वही न दाखवणारा हा मुलगा! तेव्हा मला त्याच्या त्या दीड इंचाबद्दल पुन्हा आदर वाटू लागला. गाडी कारखान्यातून आली तशीच राहिली असती, तर आपल्या चाकांना कोन असतात हे त्याला जन्मात कळले नसते.

दोन महिने गेले. टायरवरून हात फिरवून पाहण्याची युक्ती मिस्त्रींनी सांगितली होती: बाहेरून आत हात गुळगुळीत जावा आणि उलट फिरवताना करवतीसारखे दाते लागावेत, तर टो बिघडला असे समजावे. ती मी दादांना सहज म्हणून सांगितली. दादा काही बोलले नाहीत. पण एका मंगळवारी संध्याकाळी, अंगणात कोणी नाही असे पाहून, ते गाडीशी उकिडवे बसलेले मला माडीवरून दिसले. त्यांना टायर नीट दिसत नसावा; पण तळवा बाहेरून आत, आतून बाहेर, असा चारही चाकांवरून सावकाश फिरत होता.

रात्री जेवताना त्यांनी वहिनींना सांगितले, "उद्या डॉक्टरांची वेळ दहाची आहे. त्याला म्हणावं, आठला तयार राहा." मुलगा समोरच बसला होता.

गाडीत बसताना गुडघे पोटाशी येतात, ही तक्रार त्यांनी बांबवड्यापर्यंत केली म्हणे. ५२ वे कलम मात्र निघाले नाही.