आदल्या रात्रीची न्याहारी

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी सभा घेतल्या, अर्ज केले, मालकांचा पिच्छा पुरवला आणि अखेर आठवड्यातून एक दिवस गिरण्या थांबू लागल्या. घरातल्या चुलीला मात्र ती सुट्टी लागू झाली नाही. उलट बाकीची माणसं घरी असतात म्हणून रविवारी चूल जास्तच पेटते. एरवी चहा-चपातीवर बाहेर पडणाऱ्यांना त्या दिवशी सावकाश, भरपेट आणि शक्यतो गरमागरम काहीतरी हवं असतं; त्यातून पाहुणे असतील, सणवार असेल, तर बोलायलाच नको. ज्या दिवशी सगळ्यांनी उशिरा उठायचं, त्याच दिवशी एका माणसाने नेहमीपेक्षा लवकर उठायचं आणि सगळ्यांच्या शेवटी खायचं, असा हा वर्षानुवर्षांचा हिशेब आहे. हिशेब जुना आहे म्हणून तो बरोबर आहे असं होत नाही. माझं म्हणणं साधं आहे: सुट्टीची न्याहारी आदल्या रात्री मार्गी लागलेली असावी, आणि ज्या पदार्थाला ते जमत नाही तो त्या दिवसापुरता बदलावा. झोप कोणाचीच बदलू नये.

अमेरिकेत या प्रश्नाला एक चौकोनी उत्तर सापडलेलं आहे, ते म्हणजे ब्रेकफास्ट कॅसरोल. आपल्याकडे कॅसरोल म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा डोळ्यांपुढे येतो. तिकडे खोलगट भांडं आणि त्यात भाजलेला पदार्थ, दोघांनाही तेच नाव आहे. तेरा बाय नऊ इंचांच्या भांड्याला लोणी फासायचं. साधारण अर्धा किलो पावाचे इंचभराचे तुकडे, परतून मोकळं केलेलं सॉसेज आणि किसलेलं चेडर चीज यांचे थर लावायचे. आठ-दहा अंडी अडीच कप दुधात फेटून, त्यात मीठ, मिरपूड आणि चमचाभर मोहरीची पूड घालून ते सगळं वरून ओतायचं. मग भांडं झाकून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी १७५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये पाऊण ते एक तास. ख्रिसमसच्या सकाळी मुलं भेटींचे कागद टराटरा फाडत असताना अनेक अमेरिकी घरांत हेच शिजत असतं, आणि शिजताना ते कोणाकडूनही काही मागत नाही. ढवळणं नाही, उलटणं नाही, जवळ उभं राहणंही नाही. हे जमायला आधी बरंच काही घडावं लागलं. १९१५ साली पायरेक्सची काचेची भांडी बाजारात आली, ओव्हनचं तापमान बटणाच्या ताब्यात आलं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या बहुतेक घरांत फ्रीज पोचला. १९३४ साली मश्रूमचं दाट सूपही डब्यातून मिळू लागलं, आणि पुढे त्या सुपाच्या भरवशावर कॅसरोल या नावाखाली जे जे टेबलावर आलं त्यातलं काही विसरलेलंच बरं. अंडी-पावाचं हे मूळ रूप मात्र विचारपूर्वक बांधलेलं आहे.

ते कसं, हे पावाचा एक तुकडा हातात घेतला की कळतं. ताजा लुसलुशीत पाव अंड्या-दुधात टाकला की जागच्या जागी बसतो आणि त्याचा लगदा होतो. कालचा पाव तसा बसत नाही, कारण त्यातल्या पिठूळ अंशाने एका दिवसात पुन्हा घट्ट बांधणी केलेली असते. मंद ओव्हनमध्ये वाळवून घेतलेला पाव त्याहूनही चांगला. शिळा पाव कडक झाला तरी त्याच्यातलं पाणी फारसं कमी झालेलं नसतं, वाळवलेल्या पावातलं पाणी निघून गेलेलं असतं आणि ती मोकळी जागा दूध-अंडं घेतं. पण घ्यायला वेळ लागतो. ओतल्यावर तासाभराने एखादा मोठा तुकडा उकलून पाहिला तर तो बाहेरून गिच्च ओला आणि आत पांढरा कोरडा निघू शकतो. रात्रभरात तो ओलावा आतपर्यंत सारखा पसरतो, आणि सकाळी बोटाने दाबलं की तुकडा हळूच फुगून वर येतो. ओव्हनमध्ये अंड्यातली प्रथिनं एकमेकांना धरून जाळं विणतात. दुधाने पातळ झाल्यामुळे ती नुसत्या अंड्यापेक्षा उशिरा, सत्तर ते ऐंशी अंशांच्या दरम्यान धरतात. त्याहून बरंच तापवलं तर जाळं आवळतं आणि पिळून निघालेलं पाणी भांड्याच्या तळाशी साचतं. म्हणून मधोमध सुरी खुपसून पाहायची आणि ती स्वच्छ निघाली की थांबायचं.

अर्थात रात्र सगळ्यांनाच मानवते असं नाही. कच्चा बटाटा किसून घातला तर सकाळपर्यंत तो काळा पडतो. तो आधी उकडून घ्यावा लागतो. पालक आणि मश्रूम कच्चे घातले तर आपलं पाणी सोडून सगळा घाट चिखलात नेतात. ते परतून, पिळून घ्यावे लागतात. जे कुरकुरीत राहायला हवं ते सकाळीच वर पसरायचं. म्हणजे आदल्या रात्री करून ठेवणं हा सरसकट उपाय नाही. त्याला दोन अटी आहेत. पहिली, तो पदार्थ थांबल्याने सुधारला पाहिजे, नुसता टिकून चालणार नाही. दुसरी, शेवटची आच देताना कोणाला तिच्यासमोर उभं राहावं लागता कामा नये, आणि तयार झालेलं अन्न सगळ्यांच्या ताटात एकदम पडलं पाहिजे.

या अटी लावून आपल्याच पदार्थांकडे पाहिलं की गंमत येते. कांदेपोहे पहिल्याच अटीला गळतात. भिजवून ठेवलेल्या पोह्यांचं काय होतं ते सांगायला नको. थालीपिठाची भाजणी महिनाभर आधी करून ठेवता येते, पण थापायचं आणि भाजायचं एकेकच. आंबोळीची गोष्ट अधिक चुटपुट लावणारी आहे. तांदूळ, उडीद डाळ आणि चमचाभर मेथ्या भिजवून वाटल्या की रात्रीत पीठ आपोआप फुलतं. वाट पाहण्याचं फळ याहून चांगलं मिळणार नाही. काळ्या वाटाण्याची उसळही रात्रीच करून ठेवली तर सकाळी जास्त मुरलेली लागते. पण मालवणातलं घर असो की डोंबिवलीतलं, तव्यावर आंबोळी एका वेळी एकच पडते, आणि तव्यासमोर उभं राहायची जागाही एकाच माणसापुरती असते. खाणारे गप्पांत रंगलेले, घालणारी व्यक्ती ‘अजून एक घे’ म्हणत आतबाहेर करणारी. अर्धा प्रश्न सुटला, अर्धा तसाच राहिला. इडली मात्र दोन्ही अटींना उतरते: पीठ रात्रीत आंबतं, सकाळी दहा-बारा मिनिटांच्या वाफेत अख्खं भांडं एकदम तयार होतं आणि करणारा माणूसही इतरांबरोबर बसून खातो. कॅसरोलची आपल्याकडची खरी भावंडं शोधायची तर ती इडलीपात्रात आणि ढोकळ्याच्या ताटलीत सापडतात. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांना या लेखातलं काही लागू नाही, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही.

मग येतो ताज्या अन्नाचा मुद्दा, आणि तो हलका नाही. तव्यावरून थेट पानात पडलेल्या पदार्थाला जी चव असते ती थांबलेल्या अन्नाला नाही, ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे आणि पुष्कळ पदार्थांच्या बाबतीत ती खरीही आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तर रस गेलेलं शिळं अन्न तामस लोकांच्या आवडीचं म्हणून सांगितलं आहे. पण रात्रभर फ्रीजमध्ये असतं ते शिजवलेलं अन्न नव्हे. शिजणं सकाळी व्हायचं असतं. रात्री झालेली असते ती फक्त तयारी. इडलीच्या पिठाला कोणी शिळं म्हणत नाही, मग भिजलेल्या पावाने काय पाप केलं? शिवाय शिजवून ठेवलेलं सगळंच वाईट असतं असंही परंपरा म्हणत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ख्रिसमसचं सोरपोतेल काही दिवस आधी शिजतं, व्हिनेगरमध्ये मुरत राहतं आणि सणापर्यंत त्याची चव चढत जाते. गुजराती घरांत शीतळा सातमेच्या आदल्या दिवशी, रांधण छठीला, सगळं रांधून ठेवतात आणि सातमेला चूल न पेटवता कालचंच थंड अन्न खातात. तिथे तर कालचं खाणं हेच व्रत आहे.

या बाबतीत सर्वांत पुढे गेले ते ज्यू. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही आणि स्वयंपाक करायचा नाही, हा नियम घरच्या शेगडीलाही तितकाच लागू असतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात मान्ना या आकाशातून मिळणाऱ्या अन्नाची गोष्ट आहे, तिच्यातही सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून भाजायचं-उकडायचं ते उरकून घ्यायला सांगितलं आहे. या नियमातून पदार्थांची एक अख्खी शाखा जन्माला आली. येमेनी ज्यूंचं जाखनून घ्या: चरबी किंवा लोणी लावून गुंडाळलेल्या कणकेच्या वळकट्या शुक्रवारी संध्याकाळी बंद भांड्यात अगदी मंद आचेवर ठेवायच्या, सोबत कवचासकट अंडी, शनिवारी सकाळी झाकण उघडलं की कणीक तांबूस-तपकिरी आणि गोडसर झालेली असते. किसलेल्या टोमॅटोबरोबर आणि झुग नावाच्या मिरचीच्या झणझणीत चटणीबरोबर ते खातात. आपल्या कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, मराठी बोलणारे, पूर्वी तेलाचे घाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. शेजारपाजारच्या लोकांना बंद घाणा दिसला. बंद चूल दिसायला घरात जावं लागलं असतं. मला या धर्मनियमात श्रद्धेइतकाच एक रोखठोक व्यवहार दिसतो: विश्रांती ऐच्छिक ठेवली तर ती घरातल्या एका व्यक्तीच्या वाट्याला कधीच येत नाही.

इथे सर्वांत अवघड आक्षेप समोर येतो. काम नाहीसं झालं कुठे? सकाळचं रात्रीवर गेलं, इतकंच. शनिवारभर राबून रात्री अकराला पाव कापत बसणारी बाई रविवारी तासभर जास्त झोपली तर त्यात मोठंसं काय मिळवलं? आपला दिवाळीचा फराळ तर या आक्षेपाचा ढळढळीत पुरावा आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून सगळे फराळाला बसतात. चकली, चिवडा, करंजी, शंकरपाळे, सगळं आधीच झालेलं, त्या सकाळी कढई चढत नाही. आधी करून ठेवलेल्या न्याहारीचा याहून भव्य नमुना जगात क्वचित असेल. पण त्या एका सकाळच्या मोकळेपणासाठी आठवडाभर तळणीपुढे उभं राहावं लागतं, आणि तेवढं करून कोणी दमलं नाही असं ऐकिवात नाही. म्हणून मी तिसरी अट जोडतो: रात्रीचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं असावं आणि वाटून घेता येण्याजोगं असावं. कॅसरोलची खरी किंमत मला इथे वाटते. पोळी लाटायला हात बसलेला लागतो, आंबोळी पसरायला सराव लागतो. पाव कापायला, चीज किसायला, अंडी फोडायला काहीच लागत नाही. दहा वर्षांचं पोर आणि कधी स्वयंपाकघरात न शिरलेला बाप ही कामं एकाच वेळी, एकाच टेबलावर करू शकतात. सकाळी उरतं ते ओव्हनचं बटण. अर्थात कोणी केलंच नाही तर पदार्थ काय करणार? पण ‘मला जमत नाही’ ही सबब तरी तो ठेवत नाही.

राहिले किरकोळ आक्षेप. अंडी, चीज आणि सॉसेज एकत्र आले की ते जड होणारच. पण हा रोजचा खुराक नव्हे, आणि सॉसेजच्या जागी परतलेला कांदा, ढोबळी मिरची, पिळलेला पालक घातला तर काही अडत नाही. सॉसेज आणि चीज दोन्ही खारट असतात, तेव्हा मिठाचा हात आखडताच ठेवावा. लादीपाव वापरायचा तर तो फार मऊ असतो, त्याला वाळवण्याशिवाय गत्यंतर नाही. कच्च्या अंड्यांचं मिश्रण रात्रभर ठेवायचं म्हणजे फ्रीज चार अंशांच्या आसपास खरोखर गार हवा. आपल्याकडे रात्री वीज गेली की ही शंका मनात येते ती रास्तच, आणि अशा ठिकाणी इडली निवडावी हे उत्तम. मधोमध ७१ अंश झाले की अंडी खाण्यास सुरक्षित झाली, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. फ्रीजमधलं थंडगार काचेचं भांडं तापलेल्या ओव्हनमध्ये एकदम सारलं तर ते तडकू शकतं, म्हणून अर्धा तास आधी बाहेर काढावं किंवा सरळ ॲल्युमिनियमचा ट्रे वापरावा. बाहेर काढल्यावर फुगलेला घाट दहा मिनिटांत खाली बसतो; त्याआधी सुरी चालवली तर वड्या पडत नाहीत, ढेकळं निघतात. उरलेल्या वड्या दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेल्या तर सोमवारच्या डब्यालाही चालतात, आणि तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी शेकल्या की त्यांच्या कडा आदल्या दिवसापेक्षाही खमंग होतात.