साय धरेपर्यंत

पदविकेच्या शेवटच्या वर्षी ‘कंटिन्युअस कास्टिंग’वरचा प्रश्न मी घोकून लिहिला होता. जर्मनीच्या सीगफ्रिड युंगहान्सने साचा एका जागी न ठेवता वर-खाली हलता ठेवला, 1930च्या दशकात पितळ अशा रीतीने अखंड ओतलं जाऊ लागलं, पोलादाला ही रीत साधायला 1950चं दशक उजाडलं, हे सगळं उत्तरात होतं. गुण चांगले मिळाले. त्यांच्या जोरावर जालन्यातल्या एका पोलाद कारखान्यात मी शिफ्टचा साहेब झालो. सीसीएम, म्हणजे कंटिन्युअस कास्टिंग मशिन, आपल्याला कळलंय, असं मला तेव्हा खरोखरच वाटत होतं.

मशिनवर एक वयस्कर फोरमन होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते इंगटच्या जमान्यातले. तेव्हा एकेका बिडाच्या साच्यात पोलाद ओतायचं, गोठलं की बाहेर काढायचं आणि रोलिंगसाठी पुन्हा तापवायचं. आता लॅडल या मोठ्या पात्रातून टंडिश या हौदात, टंडिशमधून तांब्याच्या मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, धार पडे आणि खालून लालबुंद बिलेट, पोलादाचा लांब दांडा, सलग बाहेर येई. सातवीत शाळा सुटलेले मामा मला ‘साहेब’ म्हणत आणि मी ते खुशाल म्हणवून घेई.

एकदा ते म्हणाले, “साहेब, दुधावर साय धरते ना, तसंच आहे हे. साय धरेपर्यंत दम काढायचा.” मी हसण्यावारी नेलं. खरं तर हिशेब माझ्याच वहीत होता, पण तो मी कधी मांडून पाहिला नव्हता. मोल्ड 80 सेंटिमीटर लांब, वेग मिनिटाला 3 मीटर. म्हणजे पोलाद मोल्डमध्ये असतं जेमतेम 16 सेकंद. तेवढ्या वेळात गार तांब्याला लागून सुमारे एक सेंटिमीटर जाडीची साय धरते आणि आतलं वितळलेलं पोलाद तिच्याच भरवशावर खाली उतरतं. पुढे पाण्याचे फवारे तिला जाड करत नेतात.

एका रात्री हीट, म्हणजे भट्टीतून आलेला पोलादाचा घाणा, नेहमीपेक्षा गरम आली. मागची लॅडल भरून उभी होती. मामा म्हणाले, वेग उतरवा. मी वाढवला. गरम पोलादाला साय उशिरा धरते, आणि मी तर तिचे सेकंदच कमी केले. मोल्डखाली ती फाटली. आतलं पोलाद फवाऱ्यांच्या नळ्यांवर, रोलांवर सांडून गोठलं. ब्रेकआउट. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब.

नोंदवहीत मी ‘मोल्ड खराब’ असं लिहिलं. मामांनी ते वाचलं, पण काही बोलले नाहीत. गॅस कटर घेऊन खालच्या चेंबरमध्ये उतरले. ते त्यांचं काम नव्हतं. वरून हुकूम सोडला असता तरी चाललं असतं. थोड्या वेळाने मीही उतरलो. गोठलेलं पोलाद कापता कापता पहाट झाली, तेव्हा ते म्हणाले, “तापमान किती होतं, वेग किती होता, तेवढं लिही बाळा. मोल्ड बिचारा मुका आहे.” त्यांच्या तोंडून ‘साहेब’ पहिल्यांदाच गळलं होतं. वर येऊन मी ती ओळ खोडली आणि खरं ते लिहिलं.

पुढे त्यांनी माझा तळहात कठड्यावर ठेवून मोल्डची लय ओळखायला शिकवलं. लय अडखळली, की पोलाद भिंतीला धरतंय, मोल्डच्या भिंतीवर सोडलेल्या तेलाकडे बघ. परीक्षेत दोन ओळींत उरकलेली गोष्ट मला तिथे उमगली. खाली येताना मोल्ड पोलादापेक्षा किंचित जास्त वेगाने उतरतो. त्यामुळे भिंतीला चिकटून फाटू लागलेली साय दाबली जाते आणि पुन्हा सांधते.

त्या रात्री मामांनी वर उभं राहून मला बोल लावले असते, तर दोष मोल्डवर ढकलून मी मोकळा झालो असतो. पुढेही तसाच वागत राहिलो असतो.

मामा आता नाहीत. माझ्या शिफ्टला नवी मुलं येतात, चुकतात. मामांचं ऋण फेडायची मला एकच रीत ठाऊक आहे: बोलण्याआधी कटर घेऊन आपण खाली उतरायचं. दरवेळी जमतंच असं नाही. अजूनही कधी कधी मी वरूनच ओरडतो.